पडदे वाढले, पण सिग्नलचा विचार कोण करणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून नवीन सभागृहांच्या, शाळा-कॉलेजांच्या हॉलच्या बातम्या येतात. त्यात किती खुर्च्या, किती फुटांची एलईडी वॉल, किती टीव्ही लावले हे सगळं ठळक छापलेलं असतं आणि वाचून बरंही वाटतं. पण मी गेली बरीच वर्षं ऑडिओ-व्हिडिओचंच काम करतोय, केबल ओढण्यापासून मिक्सरवर बसण्यापर्यंत सगळं केलंय, आणि मला त्या बातमीत एक गोष्ट कधीच सापडत नाही, ती म्हणजे या सगळ्या पडद्यांपर्यंत चित्र आणि आवाज पोचणार कसा, वेळेवर पोचणार का, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला काही कळणार का. म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. मागे एका व्याख्यानाला मी साऊंड आणि व्हिडिओ सांभाळत होतो. स्टेजमागे एलईडी वॉल, दोन्ही बाजूंना एकेक टीव्ही, बाहेर लॉबीत तीन टीव्ही आणि हॉल भरला तर लोकांना बसायला म्हणून शेजारच्या खोलीत एक प्रोजेक्टर, म्हणजे एकूण सात ठिकाणं. सगळीकडे जाणारं चित्र, वक्त्यांवर लावलेल्या कॅमेऱ्याचंही, एकाच लॅपटॉपवरून, मधे आठ आउटपुटचा एक स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र अनेक पडद्यांना वाटणारी पेटी, तो हॉलवाल्यांनी आधीपासूनच बसवून ठेवलेला. सकाळी टेस्ट केलं, सातही ठिकाणी चित्र आलं, आम्ही निर्धास्त झालो. वक्त्या बोलायला उभ्या राहिल्या, वीसेक मिनिटं झाली असतील, विषय छान रंगात आलेला आणि अचानक मागची वॉल काळी. दोन-तीन सेकंद तशीच, मग लॅपटॉपचा रिकामा डेस्कटॉप दिसला, मग परत काळी, आणि मग चित्र आलं ते कडा कापलेलं, अक्षरं धूसर. वक्त्या थांबल्या, पूर्ण हॉल मान वळवून आमच्या टेबलाकडे बघतोय आणि मी एकेक केबल दाबून बघतोय, काही सुधरेना. नंतर कळलं की लॉबीतला एक टीव्ही कुणीतरी रिमोटने बंद केला होता. बस्स, एवढंच झालं होतं. बाहेरचा एक टीव्ही बंद झाला म्हणून आतल्या सगळ्यांचं चित्र गेलं.

आता हे कसं होतं ते सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं कुणाला तरी दोष देण्यात जातं. आपल्याला वाटतं की केबलमधून चित्र एका बाजूनेच जातं, नळातून पाणी जावं तसं. एचडीएमआयमध्ये, म्हणजे लॅपटॉप टीव्हीला जोडायच्या नेहमीच्या केबलमध्ये, तसं नाहीये, तिथे दोन्ही बाजूंनी बोलणं चालतं. प्रत्येक टीव्हीत, प्रोजेक्टरमध्ये एक छोटी माहितीची पाटी साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात, मूळ पाटी फक्त १२८ बाइटची, १९९४ सालापासूनची पद्धत आहे ही. मला अमुक रिझोल्यूशन चालतं, सेकंदाला इतक्या फ्रेम चालतात, आवाज या या प्रकारचा चालतो, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १९ नंबरची पिन, ‘हॉट प्लग’ म्हणतात तिला, तिच्यावरून लॅपटॉपला कळतं की पलीकडे कुणीतरी आहे, मग तो ही पाटी वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. एक लॅपटॉप आणि एक टीव्ही असेल तर हे फार छान चालतं.

पण मधे स्प्लिटर आला आणि पलीकडे सात पडदे आले की प्रश्न येतो की सातांपैकी कुणाची पाटी लॅपटॉपला दाखवायची? साधे स्प्लिटर सरळ पहिल्या नंबरच्या आउटपुटवरची पाटी उचलतात, काही स्प्लिटर सगळ्यांच्या पाट्या बघून जे सगळ्यांना जमेल ते ठरवतात. आमच्याकडे पहिल्या नंबरवर होता लॉबीतला टीव्ही. तो बंद झाला, स्प्लिटरने दुसऱ्याची पाटी घेतली, लॅपटॉपला वाटलं पडदा बदलला, त्याने रिझोल्यूशन बदललं, सगळ्यांशी बोलणी परत पहिल्यापासून सुरू झाली आणि तेवढा वेळ सगळीकडे अंधार. त्याच स्प्लिटरच्या मागच्या बाजूला नखाएवढे चार डिप स्विच होते. ते योग्य जागी ढकलले की स्प्लिटर कुठल्याच टीव्हीला विचारत नाही, स्वतःजवळची कायमची पाटी दाखवतो, १०८०पी म्हणजे फुल एचडी चित्र, सेकंदाला ६० फ्रेम, स्टिरिओ आवाज, मग बाहेर टीव्ही चालू असो, बंद असो, लॅपटॉपला पत्ता लागत नाही. मध्यंतरात पेनाच्या टोकाने मी ते स्विच ढकलले, दहा सेकंदांचं काम. स्प्लिटर बसवला त्या दिवशी ते कुणी केलं नव्हतं आणि सकाळी मीही तपासलं नव्हतं. सगळीकडे चित्र येतंय एवढंच आम्ही बघितलं होतं.

मला इथेच खरी अडचण वाटते. ‘चित्र आलं’ म्हणजे काम झालं असं सगळे धरून चालतात. पूर्वी व्हीजीएची केबल असायची, १९८७ पासूनची, १५ पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू. तिचा सिग्नल अॅनालॉग, त्यामुळे केबल लांब झाली की चित्र हळूहळू बिघडायचं, अक्षरांना सावली यायची, रंग फिके पडायचे, आणि बघणाऱ्याला कळायचं की आता काहीतरी करायला हवं. डिजिटलमध्ये तसा इशाराच मिळत नाही. सिग्नल अगदी काठावर असला तरी चित्र स्वच्छ दिसतं आणि जरा कमी पडला की ठिपके ठिपके येतात किंवा सरळ ‘नो सिग्नल’. सकाळी एसी बंद, हॉल रिकामा, तेव्हा चाललेली केबल दुपारी कुणाचा पाय लागला म्हणून बंद पडते. त्यात नेहमीच्या एचडीएमआय केबलच्या टोकाला स्क्रू नाही, लॉक नाही, नुसती खोचलेली असते. घरच्या टीव्हीमागे कुणी हात घालत नाही म्हणून तिथे चालून जातं, पण हॉलमध्ये टेबलाखाली, लोकांच्या पायात ती टिकत नाही.

म्हणूनच टीव्ही चॅनेलच्या स्टुडिओत मुख्य कामाला एसडीआय वापरतात. एकच ७५ ओहमची कोअॅक्स केबल, फिरवून लॉक होणारा बीएनसी कनेक्टर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे ही पाटी वाचण्याची भानगडच नाही. पाठवणारा पाठवतो, घेणारा घेतो, मधे डिस्ट्रिब्युशन अॅम्प्लिफायर, म्हणजे एका सिग्नलच्या अनेक प्रती काढणारी पेटी, टाकून हवी तेवढी आउटपुट काढायची, त्यातलं एक काढलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. थ्रीजी-एसडीआयचा वेग सेकंदाला २.९७ गिगाबिट आहे, १०८०पी ६० फ्रेमचं चित्र त्यातून आरामात जातं. प्रत्येक शाळेने हेच बसवावं असं माझं म्हणणं नाही, महाग पडतं आणि शाळेतला लॅपटॉप शेवटी एचडीएमआयच देणार. पण ज्यांचं काम अर्धा सेकंदही थांबून चालत नाही ते लोक कशावर विसंबतात हे तरी बघायला हवं ना.

अंतराचा मुद्दा तर रोजचा आहे. साधी तांब्याची एचडीएमआय केबल फोरकेला, म्हणजे १०८०पीच्या चौपट ठिपक्यांच्या चित्राला, पाचेक मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. आणि हॉलमध्ये कंट्रोल टेबलापासून स्टेजपर्यंतच तीस-चाळीस मीटर सहज होतात. मग लोक काय करतात, दोन केबल जोडतात, मधे बूस्टर लावतात, त्या बूस्टरला अडॅप्टर, तो अडॅप्टर कुठल्यातरी एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि तो बोर्ड कुणीतरी मोबाईल चार्ज करायला काढतो. यावर नीट उपाय आहेत, नवीनही नाहीत. एचडीबेसटी म्हणून पद्धत आहे, २०१० मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन तिचा गट स्थापन केला, तिने साध्या कॅट सिक्स, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कच्या, केबलवरून १०८०पी चित्र, आवाज, कंट्रोल सगळं १०० मीटरपर्यंत जातं. फक्त केबल शुद्ध तांब्याची हवी, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको, आणि ती थेट एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेली पाहिजे. कनेक्टर नेटवर्कसारखाच दिसतो म्हणून काही जण ती मधल्या नेटवर्क स्विचमध्ये लावतात आणि मग दिवसभर चित्र का येत नाही म्हणून शोधत बसतात. त्याहून लांब जायचं असेल तर फायबर, म्हणजे उजेडावर सिग्नल नेणारी केबल. फायबरच्या तयार एचडीएमआय केबल मिळतात, त्यांना दिशा असते, एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी टाकली तर चित्र येत नाही, आणि एकदा छतातून ओढून झाल्यावर हे लक्षात आलं तर रडायची वेळ येते. मी एका कामात मजुरांना तीन तास परत छतावर चढवलंय फक्त एवढ्या कारणासाठी, तेव्हापासून दोन्ही टोकांना रंगीत टेप लावल्याशिवाय केबल पाइपात घालू देत नाही.

आता पडदे वीस-पंचवीस झाले, वेगवेगळ्या मजल्यांवर गेले, तर स्प्लिटर आणि मॅट्रिक्स (कुठलंही इनपुट कुठल्याही पडद्याला जोडणारी पेटी) पुरत नाहीत, मग नेटवर्कवरून चित्र पाठवायचं असं ठरतं. चांगलीच गोष्ट आहे, माझा विरोध नाही. पण ‘आपलं नेटवर्क आहेच की, त्यावरच टाका’ असं जे म्हटलं जातं तिथे मला हात जोडून सांगावंसं वाटतं की आधी गणित करा. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० फ्रेम, झाले जवळपास ३ गिगाबिट दर सेकंदाला. फोरकेला त्याच्या चौपट, म्हणजे १२ गिगाबिटच्या आसपास. आणि ऑफिसातलं नेहमीचं नेटवर्क असतं १ गिगाबिटचं. म्हणजे एका पडद्याचं कच्चं चित्रसुद्धा त्यात मावत नाही. म्हणून एन्कोडरमध्ये ते दाबून लहान करावं लागतं आणि पलीकडे डिकोडरमध्ये परत उलगडावं लागतं. जितकं जास्त दाबाल तितकं नेटवर्क मोकळं राहतं पण तितका उशीर वाढतो आणि बारीक अक्षरं, तक्ते, आकडे खराब होतात. वक्त्याचा चेहरा दाबलेला चालतो, पण एक्स-रे किंवा हिशोबाचा तक्ता दाबलेला चालत नाही. जिथे उशीर आणि खराबी दोन्ही नको तिथे १० गिगाबिटचं वेगळं नेटवर्क टाकतात. काय दाखवणार आहोत हे ठरल्याशिवाय कोणतं यंत्र घ्यायचं हे ठरूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात मी बघतो ते यंत्र आधी घेतलेलं असतं.

दुसरी गोष्ट मल्टिकास्टची. एकच चित्र वीस ठिकाणी हवंय तर वीस वेगळ्या प्रती पाठवायच्या नाहीत, एकच प्रत पाठवायची आणि ज्याला हवी त्या फाट्यावर नेटवर्क स्विचने ती पुढे द्यायची, ही मल्टिकास्टची कल्पना. पण त्यासाठी स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू असायला लागतं, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुणाला हवंय हे स्विच लक्षात ठेवतो, आणि नेटवर्कमध्ये कुणीतरी अधूनमधून ‘कुणाला हवंय का अजून’ असं विचारणाराही लागतो. हे नसेल तर साधा स्विच ते चित्र प्रत्येक पोर्टवर ओततो, प्रिंटरलासुद्धा, आणि अख्ख्या बिल्डिंगचं इंटरनेट रांगायला लागतं. मग आयटीवाले म्हणतात तुमच्या टीव्हींनी नेटवर्क बुडवलं, एव्हीवाले म्हणतात तुमचा स्विच फालतू आहे, आणि दोघं पहिल्याच दिवशी एकत्र बसले असते तर अर्ध्या तासात मिटलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ती सांगतो. उशीर. डिले म्हणतो आम्ही त्याला.

त्याच व्याख्यानाच्या मध्यंतरात एक आजोबा आमच्या टेबलाशी आले. कानाला मशीन होतं. त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, अगदी शांतपणे सांगितलं, “मला ऐकू कमी येतं म्हणून मी ओठ वाचतो, म्हणून मुद्दाम बाजूच्या मोठ्या टीव्हीसमोर बसलो, पण ओठ एक म्हणतायत आणि आवाज दुसराच येतोय, मला काहीच लागत नाहीये.” मी म्हटलं, काका, थोडा फरक असतोच. ते म्हणाले, “तुम्ही येऊन बसा तिथे.” मी गेलो, त्यांच्या खुर्चीत बसलो, आणि खरंच सांगतो, मला लाज वाटली. आमचं टेबल हॉलच्या मधोमध, आम्ही स्टेजवर थेट बघत होतो, त्यामुळे आम्हाला त्यातलं काही जाणवतच नव्हतं.

हा उशीर एका ठिकाणी होत नाही, थोडा थोडा साठत जातो. कॅमेऱ्यात एक फ्रेम, कुठलं चित्र दाखवायचं ते निवडणाऱ्या स्विचरमध्ये एक, चित्र पडद्याच्या मापात बसवणाऱ्या स्केलरमध्ये एक, एलईडी वॉलच्या प्रोसेसरमध्ये एक-दोन. ५० फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद, पाच फ्रेम म्हणजे १०० झाले. त्यावर टीव्ही स्वतः चित्र सुंदर करायला वेळ घेतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो, त्यात काही टीव्हींना अजून १०० मिलिसेकंद लागतात. आणि आवाज? तो माइकमधून मिक्सरमध्ये, तिथून अॅम्प्लिफायर आणि स्पीकर, जवळजवळ लगेच. म्हणजे आवाज पुढे आणि चित्र मागे. आपल्या डोक्याला नेमकं हेच सहन होत नाही. निसर्गात आधी दिसतं आणि मग ऐकू येतं, लांबवर कुणी लाकूड तोडत असेल तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते, ठोका नंतर येतो, याची आपल्याला सवय आहे. उलटं कधी घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये यावर जी शिफारस काढली तिच्यात हाच फरक दिसतो, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांना कळायला लागतं, पण नंतर आला तर १२५ पर्यंत खपून जातं. आमच्या त्या बाजूच्या टीव्हीवर आवाज किती पुढे होता ते मी नंतर मोजलं, १८० च्या वर भरला.

मोजायला काही मोठी यंत्रं लागत नाहीत, म्हणून इथे सांगून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. जिथे थेट कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचंय तिथे एक माणूस स्टेजवर माइकसमोर उभा करायचा, त्याने दोन्ही हात लांब करून जोरात टाळी वाजवायची, आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पडदा आणि आवाज दोन्ही एकत्र रेकॉर्ड करायचं. २४० फ्रेमवर रेकॉर्ड केलं तर प्रत्येक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. आवाज आला तिथपासून पडद्यावर हात एकमेकांना लागेपर्यंत फ्रेम मोजायच्या आणि चारने गुणायचं. मोबाइल स्पीकरच्या जवळ धरायचा, नाहीतर आवाजाला हवेतून यायला लागणारा वेळ त्यात मिसळतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर लांब बसलेल्याला तो १०० मिलिसेकंद उशिरा पोचतो.

यातून मार्ग कसा काढायचा? आधी चित्राचा उशीर कमी करायचा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावायचा, नाव खेळाचं असलं तरी त्याचा खरा उपयोग हाच आहे, टीव्ही सुधारणेचा उद्योग बंद करतो आणि चित्र लगेच देतो. मधल्या नको त्या पेट्या काढायच्या, तीन ठिकाणी स्केलिंग होत असेल तर एकाच ठिकाणी करायचं. एवढं करून जो उशीर उरेल त्याच्यासाठी आवाज थोडा मागे ठेवायचा, बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये आउटपुट डिले असतो. पण इथे सांभाळून. समोरच्या रांगेला वक्त्याचा खरा आवाजही ऐकू येत असतो, तो आणि स्पीकरचा आवाज फार लांब गेले तर त्यांना घुमल्यासारखं होतं, आणि वक्त्याला स्वतःचाच आवाज उशिरा कानावर आला की तो अडखळायला लागतो. म्हणून पुढचे स्पीकर तसेच ठेवायचे आणि मागचे, बाजूचे, शेजारच्या खोलीतले वेगळ्या आउटपुटवर घेऊन त्यांनाच त्यांच्या त्यांच्या पडद्याप्रमाणे मागे ठेवायचं. म्हणजे स्पीकरचे झोन वेगळे हवेत. आणि झोन वेगळे हवे तर वायर वेगळ्या हव्यात, आणि वायर भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधी टाकाव्या लागतात. माझं सगळं भांडण येऊन थांबतं ते या प्लास्टरपाशी.

अजून एक बघा. शेजारी शेजारी दोन टीव्ही, दोन वेगळ्या कंपन्यांचे, एक आधी घेतलेला आणि एक नंतर. दोघांनाही एकाच क्षणी सिग्नल मिळतो पण दोघांचा स्वतःचा उशीर वेगळा. डावीकडच्या टीव्हीत वक्त्याचं तोंड उघडलं, उजवीकडे अजून मिटलेलंच आहे. आवाज कितीही मागेपुढे केला तरी दोघांशी जुळणं शक्यच नाही. एका नजरेत दिसणारे पडदे एकाच मॉडेलचे घ्या एवढं जरी खरेदी करणाऱ्यांनी पाळलं तरी खूप आहे.

आवाजाकडे तर त्याहून जास्त दुर्लक्ष होतं. लॉबीत टीव्ही लावला, चित्र आलं, आवाज नाही, का तर लॅपटॉप पाच-पॉइंट-वनचा, म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजाचा, सिग्नल पाठवतोय आणि टीव्हीला फक्त स्टिरिओ कळतो, परत तीच पाटीची गोष्ट. आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून बारीक वायर थेट पन्नास मीटर ओढून अॅम्प्लिफायरला देतात, मग ‘हूंऽऽ’ असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट सुरू होतो, कारण दोन टोकांना वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमधून लूप तयार झालेला असतो. काही जण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. कृपा करून असं कधीच करू नका, गुणगुणाट थांबतो पण माइक धरणाऱ्याला शॉक बसू शकतो. त्याला साधा उपाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा आहे, तो आवाज पुढे देतो पण दोन टोकांचं विजेचं जोडणं तोडतो, आणि लांब पल्ल्याला बॅलन्स्ड लाइन वापरायची, तिच्यात एकच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलटा जातो, वाटेत जो कचरा मिसळतो तो दोन्हींत सारखा मिसळतो आणि शेवटी वजाबाकी करताना निघून जातो. इतकी सुंदर युक्ती आहे ती, मला आजही सांगताना आनंद होतो.

आणि ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं काय? टीव्हीच्या कार्यक्रमाबरोबर कॅप्शन येत असेल तर लोकांना वाटतं ते सगळ्या पडद्यांवर आपोआप दिसेल. नाही दिसत. ती चालू-बंद करता येणारी कॅप्शन सहसा एचडीएमआयमधून पुढे जात नाहीत, सेटटॉप बॉक्सवरच चालू करून चित्रावर छापून पुढे पाठवावी लागतात, तरच पंचवीसही पडद्यांवर दिसतात. म्हणजे पंचवीस टीव्हींचे रिमोट घेऊन फिरण्यात अर्थ नाही, एका ठिकाणी एक बटण दाबायचंय आणि ते कुणीतरी दाबायला हवं. तसंच कानाच्या मशीनसाठी हॉलच्या फरशीखालून इंडक्शन लूप, म्हणजे तारेचं एक वेटोळं, टाकता येतो, ज्या मशीनमध्ये त्याचा सिग्नल पकडणारी टी-कॉइल असते त्यात माइकचा आवाज थेट येतो, हॉलचा गोंगाट गाळून. ही तार फरशी बसवायच्या आधी टाकली तर सोपं काम, नंतर टाकायची तर फरशी फोडा.

म्हणून माझी विनंती तीन लोकांना आहे. जे हॉल बांधतात त्यांना, की पडद्याची ऑर्डर द्यायच्या आधी सिग्नलचा नकाशा काढून घ्या, कुठून निघतो, कुठे फाटा फुटतो, कुठली केबल किती मीटर, आणि भिंतीत मोकळे पाइप सोडा, आत ओढायला दोरी घालून. जे काम ताब्यात घेतात त्यांना, की पहिल्या रांगेत उभं राहून ‘छान’ म्हणून सही करू नका. सगळे पडदे चालू करा, एकेक बंद करून बाकीच्यांचं काय होतं बघा, कधी न लावलेला लॅपटॉप आणून लावा, शेवटच्या रांगेत, खांबामागे, शेजारच्या खोलीत बसून बोलणाऱ्याचे ओठ बघा. आणि शक्य असेल तर ज्यांना कमी ऐकू येतं असा एक माणूस त्या दिवशी बरोबर घ्या, आमच्या कुठल्याही मीटरपेक्षा तो लवकर सांगेल. तिसरी विनंती आपल्यालाच, संपादक महोदय. नवीन हॉलची बातमी करायला तुमचे वार्ताहर जातील तेव्हा वॉल किती फुटांची हे जरूर विचारू दे, पण मागच्या खोलीत बसून कार्यक्रम बघून यायलाही सांगा आणि तिथे काय दिसलं, काय ऐकू आलं तेही छापा.

त्या प्रसंगातल्या हॉलवाल्यांना मी नंतर एक कागद काढून दिला होता, कुठला नंबर कुठल्या पडद्याचा आणि डिप स्विच कसे ठेवायचे ते. परवा परत तिथे काम होतं. रॅकचं दार उघडलं तर तो कागद लॅमिनेट करून आतून चिकटवलेला, बाजूचे दोन्ही टीव्ही गेम मोडवर, आणि लॉबीतला टीव्ही कुणीतरी बंद करून ठेवलेला. आत वॉलवर चित्र चालू होतं.

आपला,
एक वाचक, ऑडिओ-व्हिडिओ तंत्रज्ञ